कवडशातला सूर्य

२ ऑगस्ट २०२७ ही तारीख सध्या नाशिकमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. सिंहस्थाचे जे वेळापत्रक जाहीर झाले आहे, त्यात पहिले अमृतस्नान याच दिवशी आहे. आषाढातली अमावास्या, तीही सोमवारी आलेली, म्हणजे सोमवती. पंचवटीत राहणाऱ्या आम्हा माणसांच्या बोलण्यात ही तारीख आली की पाठोपाठ पाहुण्यांचा, रस्त्यांचा आणि पाण्याचा विषय निघतो. घरोघरी हीच अमावास्या दिव्यांची अमावास्या असते, समया आणि निरांजने घासूनपुसून पाटावर मांडण्याची. मला मात्र ही तारीख सिंहस्थाचे वेळापत्रक निघण्याच्या कितीतरी आधीपासून पाठ आहे. नेमके सांगायचे तर २२ जुलै २००९ च्या सकाळपासून. २ ऑगस्ट २०२७ ला खग्रास सूर्यग्रहण आहे, आणि त्याचा खंडग्रास भाग, ढगांनी कृपा केली तर, आमच्या गोदाकाठावरूनही दिसणार आहे.

ग्रहणाशी माझी ओळख घरात बसून झाली. १६ फेब्रुवारी १९८० हा शनिवार होता आणि मी आठ वर्षांचा होतो. खग्रासाचा पट्टा कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावरून देशात शिरून थेट पुरी-कोणार्कपर्यंत जाणार होता; नाशिकला ग्रहण खंडग्रास होते, पण दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. आमचा वाडा कौलारू. आजीने माजघराच्या पश्चिमेकडच्या खिडक्यांना चादरी अडकवल्या, हंड्यांवर आणि लोणच्याच्या बरण्यांवर तुळशीची पाने ठेवली आणि आम्हा मुलांना आत बसवले. छपराचे एक कौल मात्र जरासे सरकलेले होते. त्याच्या फटीतून एक कवडसा रोज दुपारी शहाबादी फरशीवर पडत असे, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा आणि नेहमी गोल. त्या दुपारी तो गोल राहिला नाही. त्याची एक कड कुणीतरी दाताने तोडावी तशी तुटलेली दिसली. मी जुन्या कॅलेंडरचे पान उलटे करून कवडशाखाली धरले आणि शिसपेन्सिलीने त्याची कड गिरवली. थोड्या वेळाने पाहिले तर घास मोठा झालेला. पुन्हा गिरवली. असे करत पानावर चंद्रकोरींची एक रांगच तयार झाली. आजीने वाकून ते पान पाहिले, फरशीवरची कोर पाहिली आणि हात जोडून म्हणाली, "म्हणजे तो घरात आलाच की."

कवडसा गोल का असतो, हा प्रश्न तोवर मला पडलेला नव्हता. फट तर वेडीवाकडी होती. पुढे शाळेत सूचिछिद्र कॅमेरा शिकलो तेव्हा कळले की कवडसा फटीच्या आकाराचा नसतो, तो सूर्याचे चित्र असतो. सूर्याच्या प्रत्येक बिंदूतून निघालेला प्रकाश त्या बारीक भोकातून सरळ रेषेत जातो आणि पलीकडे सूर्याची उलटी प्रतिमा उमटवतो. झाडाखाली सावलीत जे असंख्य गोल ठिपके पडलेले असतात, ते सगळे सूर्यच. आपण रोज त्यांच्यावरून चालत जातो, आणि ग्रहणाच्या दिवशी ते सगळे एकदम कोरी होतात.

सूर्यग्रहण म्हणजे चंद्राची सावली पृथ्वीवर पडणे. इतकी सरळ गोष्ट, पण ती घडून येण्यासाठी जो योग जुळावा लागतो तो माझ्या मते निसर्गातल्या अत्यंत नाजूक योगांपैकी एक आहे. सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९० हजार किलोमीटर, चंद्राचा ३,४७४ किलोमीटर. सूर्य चंद्राच्या चारशे पट मोठा. आणि तो आपल्यापासून आहे १५ कोटी किलोमीटरवर, तर चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, म्हणजे सूर्य जवळजवळ तितक्याच पटीने दूर. त्यामुळे आकाशात दोन्ही बिंबे सारख्या आकाराची दिसतात. चंद्राच्या मागे पडणाऱ्या गडद सावलीचा शंकू निमुळता होत जातो आणि त्याची लांबी साधारण ३ लाख ७५ हजार किलोमीटर भरते. म्हणजे पेन्सिलीचे टोक कागदाला जेमतेम टेकावे, तशी ती सावली पृथ्वीला जेमतेम टेकते. चंद्राची कक्षा पूर्ण वर्तुळ नसल्याने तो कधी ३ लाख ५७ हजार किलोमीटरपर्यंत जवळ येतो, तर कधी ४ लाख ६ हजारांपर्यंत दूर जातो. जवळ असेल तर टोक जमिनीवर येते आणि खग्रास ग्रहण होते; दूर असेल तर टोक वरच राहते, चंद्राभोवती सूर्याची कड उरते आणि ग्रहण कंकणाकृती होते. चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटरने आपल्यापासून दूर सरकतो आहे. साठेक कोटी वर्षांनी खग्रास ग्रहण पृथ्वीवरून दिसणारच नाही. आपण अशा काळात जन्मलो आहोत की हे माप बरोबर बसते, याचा मला फार मोठा आनंद वाटतो.

मग प्रत्येक अमावास्येला ग्रहण का नाही? चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाशी पाच अंशांनी कललेली आहे. पाच अंश म्हणजे फार नाही असे वाटते, पण सूर्याचे बिंब आकाशात अर्ध्या अंशाचे असते. म्हणजे बहुतेक अमावास्यांना चंद्र सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो. आईच्या हातातल्या दोन सारख्या बांगड्या एकीत एक अडकवून थोड्या तिरक्या धरल्या, तर त्या समोरासमोरच्या दोनच ठिकाणी एकमेकींना छेदतात. चंद्राची कक्षा आणि सूर्याचा मार्ग ज्या दोन बिंदूंत छेदतात, त्यांना आपल्या ज्योतिर्गणिताने राहू आणि केतू म्हटले. सूर्य साधारण १७३ दिवसांनी यांपैकी एका बिंदूपाशी येतो, आणि त्याच सुमारास अमावास्या आली तरच ग्रहण होते. चंद्र सूर्याला झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची सावली झाकते, हे आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले. नाशिकहून फार लांब नसलेल्या चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या परिसरात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. मी तिथे गेलो होतो तेव्हा ती अक्षरे वाचता येत नसतानाही बराच वेळ त्यांच्यासमोर उभा राहिलो. राहू-केतूंच्या गोष्टी सांगणारा आणि त्यांचे अंश-कला मोजणारा समाज एकच होता, हे विसरू नये असे मला मनापासून वाटते.

आता २००९ ची गोष्ट. २२ जुलैच्या पहाटे खग्रासाचा पट्टा सुरतेपाशी भारतात शिरणार होता. नाशिकमधूनही सूर्याचा बहुतेक भाग झाकलेला दिसणार होता, पण बहुतेक आणि पूर्ण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सूर्याचा शंभरावा हिस्सा उघडा राहिला तरी दिवस दिवसच राहतो. तो पुसला गेला की मगच प्रभामंडळ, म्हणजे करोना, दिसतो. त्याचे तेज सूर्याच्या दहा लाखाव्या हिश्श्याइतके, पौर्णिमेच्या चंद्राएवढे, म्हणून एरवी तो कधीच दृष्टीस पडत नाही. हे सगळे मी आईला समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, "सुरतेला तापी आहे ना? मग मीही येते. ग्रहणात तापीचे स्नान घडेल." ती तेव्हा एकसष्ट वर्षांची होती.

आम्ही आदल्या रात्री जीपने निघालो. पेठच्या रस्त्याला सावळ घाटात असा पाऊस होता की काचेपलीकडे काही दिसत नव्हते. धरमपूरपर्यंत तो थांबला नाही. वेध लागलेले, म्हणून आईने वाटेत पाण्याचा घोटही घेतला नाही. पहाटे तापीच्या काठावर पोहोचलो तेव्हा पाऊस थांबला होता, पण आभाळ एकजात राखाडी होते, कुठे एक भोक नव्हते. सहानंतर सूर्य उगवला असणार, इतकेच म्हणायचे. मी पूर्वेकडे टक लावून होतो आणि सावली आली मागून, पश्चिमेकडून, समुद्राच्या बाजूने. कुणीतरी जाजम ओढत आणावे तसा काळोख ढगांच्या पोटावरून सरकत आला आणि काही सेकंदांत पलीकडचा काठ दिसेनासा झाला. नुकतेच जागे झालेले कावळे परत झाडांवर गेले. पुलावरचे दिवे लागले. काठावर हजारो माणसे होती, पण ती काही क्षण एकदम गप्प झाली आणि मग कुठून तरी शंख वाजला. आई कमरेपर्यंत पाण्यात उभी होती. तीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ तो काळोख राहिला. मग पश्चिमेच्या क्षितिजाशी ढग पिवळसर झाले आणि उजेड ज्या वाटेने गेला होता त्याच वाटेने परत आला.

मी करोना पाहिला नाही. परतताना गाडीत मी फार खिन्न होतो, आणि ते लपवले नाही. आई ओल्या केसांना पंचा गुंडाळून बसली होती. ती म्हणाली, "काळोख आला, तो तर खरा होता ना?" मग थोड्या वेळाने, "परत कधी आहे?" मी म्हणालो, हेच ग्रहण अठरा वर्षे अकरा दिवसांनी परत येईल.

"हेच ग्रहण" असे मी म्हणालो ते उगीच नव्हे. ग्रहणांची कुळे असतात. २२३ चांद्रमास पूर्ण झाले की सूर्य, चंद्र आणि राहू-केतू जवळजवळ पूर्वीच्याच मांडणीत येतात आणि चंद्राचे अंतरही जवळजवळ तेच असते. या अवधीला सॅरोस म्हणतात. बाबिलोनच्या लोकांना तो माहीत होता, पण मराठी माणसाला तो आपल्या पंचांगातच सापडतो. वर्षाला बारा धरले तर अठरा वर्षांचे महिने होतात २१६. त्यांत या अठरा वर्षांतले अधिक महिने मिळवा: २०१० चा वैशाख, २०१२ चा भाद्रपद, २०१५ चा आषाढ, २०१८ चा ज्येष्ठ, २०२० चा आश्विन, २०२३ चा श्रावण आणि २०२६ चा ज्येष्ठ, असे सात. बेरीज २२३. त्यामुळेच २००९ चे ग्रहण आषाढी अमावास्येला होते आणि २०२७ चेही आषाढी अमावास्येलाच आहे. अधिक मासातली अनारशांची वाणे मोजत मी एका रात्री ही बेरीज केली, आणि आकडा नेमका जुळला तेव्हा झोप उडाली.

सॅरोसच्या दिवसांच्या हिशेबात वर सुमारे आठ तास उरतात. तेवढ्या वेळात पृथ्वी एक तृतीयांश फिरलेली असते, म्हणून पुढचे ग्रहण पृथ्वीच्या गोलावर तितकेच पश्चिमेला सरकते. सुरतेतून चीनकडे गेलेला पट्टा आता उत्तर आफ्रिकेत उमटतो. हे कूळ मोठे कर्तबगार आहे. २९ मे १९१९ चे ग्रहण याच कुळातले, ज्यात सूर्याजवळच्या ताऱ्यांची छायाचित्रे प्रिन्सिपे बेटावरून आणि ब्राझीलमधल्या सोब्रालहून घेतली गेली आणि प्रकाश गुरुत्वाकर्षणाने वाकतो हे आइन्स्टाइनचे भाकीत पडताळून पाहिले गेले. २० जून १९५५ चे याच कुळातले, सात मिनिटांहून अधिक लांबीचे, विसाव्या शतकातले सर्वांत दीर्घ. ३० जून १९७३ ला काँकॉर्ड विमानातून शास्त्रज्ञांनी आफ्रिकेवरून सावलीच्या पाठोपाठ उड्डाण करून ७४ मिनिटे खग्रास अवस्था अनुभवली, तेही याच कुळातले. त्यानंतर १९९१, मग आमचे ढगाआड गेलेले २००९, आणि आता २०२७.

२०२७ ला सावली अटलांटिकमध्ये पृथ्वीवर उतरेल, स्पेनचा दक्षिण किनारा आणि जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडून मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त असा प्रवास करील, तांबडा समुद्र पार करून जेद्दा आणि मक्केवरून येमेनला जाईल आणि सोमालियाचे टोक ओलांडून हिंदी महासागरात संपेल. पट्ट्याची जास्तीत जास्त रुंदी अडीचशे किलोमीटरच्या थोडी वर, आणि इजिप्तमधल्या लक्सरजवळ खग्रास अवस्था ६ मिनिटे २३ सेकंदांची. यापेक्षा लांब ग्रहणासाठी २११४ सालापर्यंत थांबावे लागेल. इतका वेळ मिळण्याचे कारण तीन गोष्टी एका वेळी जुळणे हे आहे. जुलैच्या आरंभी पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते, त्यामुळे ऑगस्टच्या सुरुवातीलाही सूर्याचे बिंब किंचित लहान असते. चंद्र त्या दिवशी बराच जवळ असल्याने त्याचे बिंब मोठे असते. आणि दुपारी सूर्य लक्सरच्या जवळजवळ डोक्यावर असताना सावली सरळ खाली पडते, शिवाय पृथ्वीचे फिरणे सावलीच्याच दिशेने असल्याने जमिनीवर तिची धाव मंदावते. २०२५ मध्ये हेच सहा मिनिटांचे ग्रहण दोन वर्षे आधीची तारीख घालून मोबाइलवर फिरले होते आणि सारी पृथ्वी अंधारात बुडेल असे त्यात म्हटले होते. मी नातेवाइकांना एकेक करून फोन केले. अंधार फक्त त्या पट्ट्यात होतो, सगळीकडे कधीच होत नाही, हे सांगताना मला राग येत नव्हता. लोकांना ग्रहणाविषयी ऐकायचे आहे, हेच मला त्यातून जाणवत होते.

नाशिकमध्ये त्या दिवशी पहाटेपासून अमृतस्नान होईल आणि दुपार कलल्यावर सूर्याला ग्रहण लागेल. निम्म्याहून कमी बिंब झाकले जाईल, मोक्ष सूर्यास्तापूर्वीच होईल. ऑगस्टचा आरंभ म्हणजे इथे भर पावसाळा, तेव्हा आकाश उघडेल याची आशा मी बेतानेच धरतो. पण समजा उघडले, तर त्या दिवशी गोदेच्या काठी जितके डोळे असतील तितके एरवी कुठल्याही वेधशाळेला मिळत नाहीत. ही सगळी माणसे गुरू सिंह राशीत आला म्हणून येणार आहेत. म्हणजे आकाशातल्या एका ग्रहाच्या जागेवरून हा मेळा ठरतो. त्यांनी मान वर करून, डोळे सांभाळून, आकाश पाहावे अशी माझी तळमळ आहे. डोळे सांभाळून हे मी फार कळकळीने म्हणतो. खंडग्रास सूर्याकडे क्षणभरही नुसत्या डोळ्यांनी पाहू नये. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, यांतले काहीच चालत नाही. प्रमाणित ग्रहणचष्माच हवा, आणि तो नसेल तर सूर्याकडे पाठ करून त्याची प्रतिमा पाहावी. २५ ऑक्टोबर २०२२ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, मावळतीच्या सूर्याला ग्रहण लागले तेव्हा मी गच्चीवर बुंदीचा झारा भिंतीपासून दोन हातांवर धरला होता. भिंतीवर भोकाभोकांतून कुरतडलेले सूर्य उमटले, जरा धूसर. मग एका लग्नपत्रिकेला सुईने भोक पाडले, आणि त्यातून आलेली प्रतिमा रेखीव होती. शेजारची मुले पत्रिका एकमेकांच्या हातांतून ओढत होती आणि तळहातावर सूर्य धरून दाखवत होती.

मी स्वतः त्या दिवशी नाशिकमध्ये नसेन. गेली काही वर्षे पैसे बाजूला टाकतो आहे. लक्सरला जायचे आहे. ऑगस्टमध्ये तिथल्या वाळवंटावर ढग क्वचितच येतो. पंचांगात ग्रहणाच्या टप्प्यांना फार सुंदर शब्द आहेत: स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष. संमीलन आणि उन्मीलन हे शब्द डोळे मिटण्या-उघडण्याचे आहेत, आणि ते फक्त खग्रासाला लागू पडतात. उन्मीलनाच्या क्षणी चंद्राच्या कडेवरच्या एखाद्या दरीतून सूर्याचा पहिला किरण सुटतो आणि हिऱ्याच्या अंगठीसारखा झळकतो. "हा सूर्य आणि हा जयद्रथ" असे आपण बोलताना सहज म्हणून जातो. तो "हा सूर्य" मला एकदा पाहायचा आहे. पुढच्या वेळी हे कूळ १२ ऑगस्ट २०४५ ला अमेरिकेत प्रकटेल, तेव्हा मी त्र्याहत्तर वर्षांचा असेन.

आईला हे सांगितले तेव्हा ती दिवे घासायला बसली होती. यंदाची दिव्यांची अमावास्या दोन दिवसांवर होती. चिंचेचा कोळ समईच्या ठाणवईला चोळता चोळता तिने विचारले, "पण त्या दिवशी दिवे केव्हा लावायचे? वेधात की मोक्षानंतर? तू इथे नसणार, मग मला सांगणार कोण?"

मी म्हणालो की पंचांग आले की नाशिकची वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवीन. तिकडचे खग्रास आधी संपेल, मग सावली येमेनच्या बाजूला सरकेल आणि त्यानंतर इकडचे ग्रहण भरात येईल, म्हणजे माझे पाहून झाल्यावर मला फोनही करता येईल. तिने समई पाण्यात बुडवून उजेडात धरून पाहिली.

"मोक्ष झाला की मी लावते," ती म्हणाली. "आणि तो झारा खाली काढून ठेव. माळ्यावर माझा हात पोचत नाही."